उत्तरेचा बांध कोणी फोडला

२९ मे १९१९, गुरुवार. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहण झाले. कोणत्याही खगोलीय तक्त्यात हे पडताळून पाहता येते. आमच्या किनाऱ्यावरून ते दिसले नाही, त्यामुळे इथे कोणी मान वर करून पाहिलेही नसावे. पण ग्रहण दिसो वा न दिसो, सूर्यग्रहण म्हणजे अमावास्या, अमावास्या म्हणजे उधाण, आणि उधाणाची सर्वांत मोठी भरती अमावास्येनंतर एकदोन दिवसांनी येते. शिंपल्या वेचणाऱ्या कोणत्याही बाईला एवढे ठाऊक असते. ज्यांनी या गावचे कालवे खोदवले त्यांना ते ठाऊक नव्हते, किंवा विचारण्याची गरज वाटली नव्हती. नव्या कालव्यांत समुद्र सोडण्याचा समारंभ त्यांनी शनिवारी, ३१ मे रोजी ठेवला.

आज उन्हाळ्यात पाहुण्यांना कालव्यांतून फिरवणारा नावाडी दक्षिणेच्या फाटकाशी वल्हे थांबवतो आणि रोज एकच विनोद करतो. “इथं एक फाटकवाली होती. पहिल्याच दिवशी तिला डुलकी लागली आणि अख्ख्या गावाची आंघोळ झाली!” लोक हसतात. मग नाव पाच कालवे ओलांडून उत्तरेच्या मुखाशी येते आणि तिथल्या दगडावरची अक्षरे तो आदराने वाचून दाखवतो: ‘संस्थापकांच्या दूरदृष्टीने योजिलेले दुसरे मुख.’ लोक मान डोलावतात. या दोन थांब्यांमध्ये वीस मिनिटांचा जलप्रवास आहे. दोन्ही टोकांना एकेक खोटे उभे आहे आणि दोन्ही खोटी एकाच बाईच्या नावावर किंवा तिच्या नावाआड उभी आहेत.

तिला लोक काठीबाई म्हणत.

गाव होण्यापूर्वी इथे वाळूचा एक उंचवटा होता, त्यामागे दलदल, आणि दलदलीतून नागमोडी फिरणारे खाऱ्या पाण्याचे ओहोळ. काठीबाई आणि तिची जाऊ या दलदलीत शिंपल्या वेचून राहत. त्यांची कामाची रीत समजून घेतली पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. दक्षिणेकडे समुद्र सरळ आत येई. तिथे ओहोटी लागली की चिखल उघडा पडे आणि वेचणी सुरू होई. उत्तरेकडच्या दलदलीत मात्र पाणी वाळूच्या दांड्याला लांब वळसा घालून, एका अरुंद तोंडातून पोहोचे. त्यामुळे तिथली भरती सुमारे दीड तास उशिरा येई आणि हातभर कमी चढे. म्हणून या दोघी आधी दक्षिणेला वेचत, पाणी परत फिरू लागले की टोपल्या उचलून उत्तरेला जात आणि तिथे पुन्हा वेचत. एका ओहोटीत दोन वेचण्या. काठीबाईच्या हातात साडेसहा फुटांची काठी असे, आणि तिच्यावर दर महिन्याच्या सर्वांत मोठ्या भरतीची खूण चाकूने कोरलेली असे. ही काठी आज तिच्या नातीकडे आहे. मी खुणा मोजल्या: दोनशे चौदा.

१९१७ साली मालक आले. दलदल त्यांनी घेतली, कारण कुठल्याशा परदेशी शहरात त्यांनी कालव्यांकाठची घरे पाहिली होती आणि तसे गाव आपल्याही नावावर असावे असे त्यांना वाटले. त्यांच्याबरोबर आराखडेवाला आला, तीन पायांवर उभे राहणारे पातळीयंत्र घेऊन. त्याची मोजणीवही उपलब्ध आहे. मोजणी १३ ते १७ फेब्रुवारी १९१७ या पाच दिवसांत झाली. चंद्राचे तक्ते सांगतात की १४ तारखेला अर्धचंद्र होता. म्हणजे मोजणी नेमकी भांगाच्या दिवसांत झाली, जेव्हा भरती सर्वांत सुस्त असते. कारणही वहीतच आहे, आणि ते वाचून हसावे की वही भिंतीवर फेकावी हे कळत नाही: ‘हे दिवस निवडले, कारण यंत्र उभे करण्यास जमीन कोरडी मिळाली.’

काठीबाईने त्याच आठवड्यात त्याला अडवले होते. हा प्रसंग तिच्या लेकीने नातीला सांगितला आणि नात आजही शब्द न बदलता सांगते. तिच्या कथनाच्या तीन वेगवेगळ्या नोंदी मी घेतल्या. फरक नगण्य आहे.

“साहेब, कमरेएवढं पाणी धरलंत तुम्ही,” काठीबाई म्हणाली. “ही बघा खूण. छातीपर्यंत येतं.”

“बाई, यंत्र खोटं बोलत नाही.”

“यंत्र कशाला बोलेल खोटं? तुम्ही त्याला उपवासाच्या दिवशी पोट मोजायला लावलंत. त्या मापानं शिवलेला सदरा जेवल्यावर अंगात जायचा कसा?”

आराखडेवाला हसला. तेवढ्यात मालक आले, त्यांनी काठी हातात घेऊन पाहिली, परत दिली आणि म्हणाले, “हिची काठी आणि हिची जीभ, दोन्ही लांब.” बरोबरचे सगळे हसले. तेव्हापासून ती काठीबाई.

तिने आणखी एक गोष्ट सांगितली होती. आराखड्यात पाच सरळ कालवे होते, एकमेकांना जोडलेले, आणि समुद्राकडे एकच तोंड, दक्षिणेला, वर उचलायच्या फाटकाचे. उत्तरेचे टोक मातीच्या बांधाने बंद. ती म्हणाली, एका तोंडाने आत गेलेले पाणी त्याच तोंडाने पुरते बाहेर येणार नाही, तळाला कुजेल. उत्तरेला दुसरे तोंड ठेवा, तिकडे पाणी नेहमी खाली असते, आपोआप वाहत राहील. मालकांनी नाही म्हटले. बांधावरून त्यांच्या स्वतःच्या बंगल्याची गाडीवाट जायची होती. पाच कालव्यांचे पाणी कुजले तरी चालेल, पण मालकांच्या चाकांना वळसा नको.

मग गाव खोदले गेले. ‘बांधले गेले’ असे गावाची १९३४ची स्मरणपुस्तिका म्हणते. ते चूक आहे. कालव्यातून काढलेला गाळ दोन्ही काठांवर टाकायचा, पायांनी तुडवून घट्ट करायचा, त्यावर वाळू आणि खडी पसरायची आणि त्यावर घर उभे करायचे, अशी पद्धत होती. म्हणजे इथली प्रत्येक ओसरी, प्रत्येक अंगण हे कोणीतरी डोक्यावरून वाहिलेला कालवा आहे. हजेरीपुस्तकात एकशे बारा खोदकरी आहेत. काठीबाईचा नवरा त्यांतला एक. १९१८च्या ऑगस्टमध्ये तिसऱ्या कालव्याची उभी कड ढासळली आणि तो तिच्याखाली गेला. हजेरीपुस्तकात त्या दिवशी त्याच्या नावापुढे ‘गैरहजर’ असे लिहिले आहे. पुढचे सहा दिवसही ‘गैरहजर’. सातव्या दिवशी नाव खोडले आहे. मी या पानाचे छायाचित्र घेतले आहे, कारण सांगून कोणाला खरे वाटणार नाही.

त्यानंतर काठीबाईला फाटकवाली नेमले. ही दया होती असे पुस्तिका सांगते. मला वाटते ती सोय होती, कारण फाटक केव्हा उचलायचे हे सांगू शकणारे दुसरे कोणी पगारावर नव्हते. फाटकालगत तिला दोन खोल्यांचे घर मिळाले. एका खिडकीतून समुद्र, दुसरीतून कालवा. तिची लेक तेव्हा सहा वर्षांची होती. पक्क्या भिंतींच्या घरात त्या मायलेकी आयुष्यात पहिल्यांदा झोपल्या. हे घर तिच्यासाठी काय होते, हे पुढचे वाचताना विसरू नये.

३१ मेच्या समारंभाला काठीबाईने दोनदा विरोध केल्याचे तिने पुढे कालव्यांच्या कार्यालयाकडे केलेल्या पहिल्या अर्जात आहे. “आठ दिवस थांबा, भांग येऊ द्या,” ती कारभाऱ्याला म्हणाली. कारभारी म्हणजे मालकांचा उजवा हात. त्याने उत्तर दिले, “पाहुण्यांना पत्रिका गेल्या आहेत. तुझ्या चंद्राला पाठवली नाही, चुकलंच.”

दुपारी बाराच्या सुमारास मालकांनी फाटकाच्या चाकाला हात लावला आणि काठीबाईने ते फिरवले. पाणी आत आले, टाळ्या झाल्या. एक वाजता पाणी पायरीला लागले. सव्वाला ओसऱ्यांवर आले. फाटक खाली सोडण्याचा हुकूम झाला. पण नव्या लाकडाच्या फळ्या भिजून खाचेत फुगल्या होत्या आणि आत घुसणाऱ्या पाण्याचा दाब त्यांच्यावर होता. चार माणसे चाकाला लोंबकळली, फाटक वीतभरही हलले नाही. ताज्या गाळाचे चौथरे विरघळू लागले. पहिल्या कालव्याकाठच्या दोन घरांच्या भिंती बसल्या. वरच्या मजल्यांवर पाहुण्यांची बायकापोरे अडकली होती.

काठीबाई तेव्हा फाटकाशी नव्हती. हे खरे आहे, आणि नावाड्याच्या विनोदात एवढाच खऱ्याचा कण आहे. ती पाच कालव्यांच्या काठाने उत्तरेकडे गेली होती. दोनच्या आत उत्तरेचा बांध फुटला आणि कालव्यांतले पाणी पलीकडच्या दलदलीत उतरू लागले, जिथली भरती अजून हातभर खाली होती. अडीचला ओसऱ्या उघड्या पडल्या. बाकीची अडतीस घरे उभी राहिली. माणूस एकही गेला नाही.

मालकांची गाडीवाट मात्र गेली.

९ जूनला चौकशी झाली. तिचे कामकाज सात पानांचे आहे आणि ते मला कालव्यांच्या कार्यालयातल्या कपाटात ‘किरकोळ’ अशी चिठ्ठी लावलेल्या बस्त्यात सापडले. प्रश्न कारभारी विचारतो. लेखनिक प्रामाणिक असावा. त्याने उत्तरे बोलल्यासारखीच उतरवली आहेत.

“बांध तू फोडलास?”

“फोडला.”

“कोणाच्या हुकमानं?”

“हुकूम देणारे जिन्यावर चढून बसले होते. खाली उतरले असते तर विचारलं असतं.”

“बरोबर कोण होतं?”

“पाणी होतं.”

“पाणी फावडं चालवतं का?”

“तुमचं फाटक चालवलं की त्यानं. बघितलंत ना?”

इथे कारभारी मूळ मुद्द्यावर येतो. बांधाचा माथा नऊ फूट रुंद होता. जागेवर पाच फावडी सापडली, त्यांतले एक फाटकाचे. म्हणजे खोदकऱ्यांनी समारंभाची रांग सोडून मालकांची मालमत्ता फोडली, आणि याला जरब बसली नाही तर उद्या कोणीही उठून काहीही फोडील. त्याला बांधाची चिंता नव्हती. त्याला नावे हवी होती. पाचव्या पानावर तो सरळ सौदा मांडतो: चौघांची नावे सांगावीत, फाटकवालीची नोकरी आणि घर दोन्ही राहतील, वर शेराही बसणार नाही.

तिच्या उत्तराची नोंद अशी: ‘फाटकवाली म्हणाली, घर तुमचं आहे, घ्या. नावं तुमची नाहीत.’

त्या आठवड्यात तिच्या जावेने तिला काय ऐकवले, तेही नात सांगते. जाऊ खोदकऱ्यांच्या चाळीत राहत होती आणि तिचा नवरा, म्हणजे काठीबाईचा दीर, खोदकरीच होता.

“पोरीला घेऊन कुठं जाणार आहेस? दलदलीत?”

“तुझ्या मागच्या अंगणात.”

“माझ्या अंगणात कोंबड्या मावत नाहीत! नावं सांग आणि मोकळी हो. त्या मेल्यांनी तुला काय आणून दिलंय?”

“सांगू? तुझ्यासमोर सांगू?”

दुसऱ्या दिवशी सकाळी जावेने कोंबड्यांचे खुराडे हलवले आणि अंगणात चार खांब रोवले. दीर त्या चौघांत होता असे यावरून म्हणण्याचा मोह होतो. पण खुराडे हलवणे हा पुरावा नाही.

१५ जूनला फाटकाचे घर रिकामे करून घेतले. नोकरपटातल्या तिच्या ओळीत नाव नाहीच, ‘फाटकवाली’ एवढेच आहे, आणि पुढे शेरा: ‘निष्काळजीपणा व कालव्याची नासधूस. काढून टाकले.’

आता याच कार्यालयाच्या याच कपाटातले दुसरे कागद पाहू. नोव्हेंबर १९१९मध्ये आराखडेवाला मालकांना लिहितो की उत्तरेचे भगदाड बुजवू नये. दक्षिणेने आत येणारे पाणी तिकडून निघून जाते, दर भरतीला कालवे धुतले जातात, दुर्गंधी नाही, आणि अशा गावाला गिऱ्हाईक मिळेल. १९२१ साली भगदाडाच्या कडा दगडाने बांधल्या, वर पूल झाला. १९३४च्या स्मरणपुस्तिकेत, पान अकरावर, हे मुख ‘मूळ आराखड्यातच योजिलेले’ होते. मूळ आराखडा कार्यालयात काचेआड टांगलेला आहे. मी परवानगी काढून तो खाली उतरवला. १९१७ची शाई तपकिरी पडली आहे. उत्तरेच्या टोकाची बंद रेघ खरवडून काढली आहे, कागद तिथे पातळ झाला आहे, आणि दुसरे मुख काळ्याभोर शाईने काढले आहे. हे कोणी केले ते ठाऊक नाही. लपवण्याची तसदी घेतलेली नाही, एवढे दिसते.

म्हणजे एकाच भगदाडासाठी एका बाईला निष्काळजी ठरवून घराबाहेर काढले आणि एका माणसाला दूरदर्शी ठरवून दगडात कोरले. दोन्ही कागद एकाच कपाटात, एकमेकांपासून दीड हात अंतरावर, शंभर वर्षे शांतपणे नांदत आहेत. कपाट उघडणारा प्रत्येक जण हे वाचू शकत होता. स्मरणपुस्तिका लिहिणाऱ्याने तर नक्कीच वाचले, कारण चौकशीतल्या बांधाच्या मापांपर्यंत तो अचूक आहे. फक्त बाई गाळली आहे.

काठीबाईने १९२० ते १९४८ या काळात अकरा अर्ज केले. तिला लिहिता येत नव्हते; आधी शाळेच्या मास्तरांनी आणि नंतर लेकीने लिहिले. पहिल्या दोन अर्जांत ती घर मागते. तिसऱ्यापासून घराचा उल्लेख थांबतो आणि एकच मागणी उरते, की तो शेरा खोडावा. ‘मी निष्काळजी नव्हते. काळजी करणारी मीच होते,’ असे सातव्या अर्जात आहे. त्याच अर्जाच्या शेवटी एक ओळ: ‘नावे विचारू नयेत.’ तोवर अठ्ठावीस वर्षांपैकी सतरा गेली होती, मालक वारले होते, नावे विचारायला कोणी शिल्लकही नव्हते. तरी तिने दार लावूनच ठेवले.

अकरा अर्जांना दोन उत्तरे आली. दुसरे, १९४८चे, नातीने जपून ठेवले आहे. ‘जुन्या नोंदीत फेरफार करण्याची कार्यालयाची पद्धत नाही.’

हे पत्र ज्या टेबलावर टाइप झाले असेल, त्याच्यामागच्या भिंतीवर तो खरवडलेला आराखडा टांगलेला होता.

नात आता ऐंशीच्या घरात आहे. आयुष्यभर तिने शिवणकाम केले. बोलताना अजून बोटांत नसलेला दोरा ओढत असते. “आजी शेवटी-शेवटी उत्तरेच्या पुलावर जाऊन बसायची,” ती म्हणाली. “लोकांना वाटायचं, हवा खायला बसलीय. काठी पाण्यात सोडून भरती बघायची ती. मी एकदा विचारलं, आजी, आता कशाला मोजतेस? तर म्हणते, यांच्या यंत्राला कधीतरी उपवासाचा दिवस सोडून विचारावं लागेल, तेव्हा आकडे नकोत का?” मग नातीने दोरा तोडल्यासारखा हात झटकला. “आणि तो नावाडी म्हणतो, डुलकी लागली. सात वेळा सांगितलं त्याला. म्हणतो, मावशी, विनोद आहे, मनावर घेऊ नका. तुझ्या आजीला घराबाहेर काढून बघ म्हटलं, मग करू विनोद.”

गावाच्या समितीकडे मी मार्चमध्ये चौकशी, नोकरपट, आराखडेवाल्याचे पत्र आणि आराखडा या चारही कागदांच्या प्रती दिल्या आणि शेरा रद्द करून उत्तरेच्या मुखावरचा मजकूर दुरुस्त करावा असे लिहिले. समितीने प्रती ठेवून घेतल्या. सचिव सौजन्याने म्हणाले की आक्षेप रास्त आहे, पण बांध फोडणाऱ्या सर्वांची नावे मिळाल्याशिवाय एकटीचेच नाव दगडावर घालणे अन्यायाचे होईल. नावे आणा, मग पाहू.

शंभर वर्षांनी तोच सौदा. नातीला मी हे सांगितले. “मग राहू दे,” ती म्हणाली. “आजीनं नाही दिली.” आणि काठी उचलून तिने पुन्हा कपाटामागे उभी केली.

जे सिद्ध होते ते वर लिहिले आहे. जे होत नाही ते असे. बांधावर पाच फावडी होती, पण पाच फावडी म्हणजे पाच माणसे असे होत नाही. नऊ फूट रुंदीच्या बांधात पाणी वाहू लागेल एवढी पहिली चर एका बाईने पाऊण तासात खोदली असणे मला अशक्यप्राय वाटते. तिच्याबरोबर किमान दोघे असावेत, चौघेही असू शकतील. त्यांत दीर होता का, ठाऊक नाही. हजेरीपुस्तकात ३१ मेचे पान आहे. एकशे अकरा खोदकऱ्यांपुढे सरसकट ‘हजर’ लिहिले आहे, म्हणजे त्या दिवशी हजेरी कोणी घेतलीच नाही. त्यांच्यापैकी कोणी पुढे कधी काही बोलले का, बोलले असल्यास कोणाकडे, याची एकही नोंद सापडलेली नाही. आराखडा कोणी खरवडला, ते अज्ञात आहे. शेरा अजून नोकरपटात आहे. बांध फोडणाऱ्यांची नावे माहीत नाहीत.